नसलेलं पुस्तक मागवणारा वाचक

१९३६ साली ब्यूनस आयर्समध्ये होर्हे लुईस बोर्हेस या लेखकाचं निबंधांचं एक पुस्तक निघालं. त्याच्या अखेरीस दोन टिपणं होती. त्यांपैकी एक म्हणजे मुंबईत छापलेल्या एका इंग्रजी कादंबरीचं परीक्षण. कादंबरीकार मीर बहादूर अली, मुंबईचा वकील. पहिली आवृत्ती १९३२च्या अखेरची, जवळजवळ वर्तमानपत्री कागदावर छापलेली. काही महिन्यांत हजार-हजार प्रतींच्या चार छपाया संपलेल्या. १९३४ साली सचित्र आवृत्ती, आणि नंतर लंडनला व्हिक्टर गोलांक्झ यांनी डोरोथी सेयर्स यांच्या प्रस्तावनेसह, पण चित्रं गाळून केलेलं पुनर्मुद्रण. हे वाचून बोर्हेसच्या एका मित्राने लंडनहून ते पुस्तक मागवलं. ते मिळणं शक्यच नव्हतं. गोलांक्झ हे खरे प्रकाशक, सेयर्स खऱ्या लेखिका, पण मीर बहादूर अली आणि त्याची कादंबरी या दोन्ही गोष्टी बोर्हेसने रचलेल्या होत्या. पाचेक वर्षांनी हाच मजकूर त्याने कथासंग्रहात घेतला आणि ‘अल-मुतासिमच्या दिशेने’ ही कथा म्हणून जगाला कळली.

हा मित्र फसला, असंच हा किस्सा सांगणारे सांगतात. मला तो या कथेचा सगळ्यात चांगला वाचक वाटतो. त्याने वाचलं, त्याला कुतूहल वाटलं, आणि त्याने मूळ पुस्तक हातात घेऊन पाहायचं ठरवलं. परीक्षणावर विसंबून त्या कादंबरीविषयी चार लोकांत मत देत तो हिंडला नाही. खऱ्याचा वेश घेतलेल्या कथेवर ‘ही कथा काल्पनिक आहे’ अशी पट्टी पहिल्याच ओळीच्या वर लावावी का, हा प्रश्न आज पुन्हापुन्हा पुढे येतो. खोट्या बातम्यांनी आधीच हैराण झालेल्या समाजात साहित्यिकांनी आणखी गोंधळ का घालावा, असं त्यामागचं म्हणणं असतं. ती काळजी खरी आहे आणि तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. पण अशी पट्टी लावली तर या मित्रासारखा वाचक घडण्याची वाटच बंद होते. अशा कथा पट्टीविना छापाव्यात, वर्गात शिकवाव्यात, आणि पडताळणी हा त्यांच्या वाचनाचाच भाग मानावा, असं माझं मत आहे.

आधी या कथेची बांधणी पाहू. यात खोट्या गोष्टी फार थोड्या आहेत. लेखक खोटा, पुस्तक खोटं. त्यांच्याभोवती उभे केलेले बहुतेक खांब खरे. प्रकाशक खरा, प्रस्तावना लिहिणारी खरी, कलकत्त्याची आणि अलाहाबादची ज्यांची नावं येतात ती नियतकालिकं खरी. परीक्षकाचा सूर तक्रारीचा आहे, हे त्याहून महत्त्वाचं. पहिली आवृत्ती मला मिळाली नाही, माझ्यासमोर लंडनचं पुनर्मुद्रणच आहे, पण पहिली जास्त चांगली असावी असा संशय येतो, दुसऱ्या आवृत्तीत लेखक रूपककथेकडे घसरला आहे, असं तो म्हणतो. निव्वळ स्तुती करणाऱ्या परीक्षणाची आपल्याला लगेच शंका येते. आपल्याला काय मिळालं नाही हे सांगणाऱ्याची येत नाही. विश्वास बसतो तो या कबुलीमुळे. अशा कथा लिहू पाहणारे नवे लेखक नेमके इथे चुकतात. ते सगळीच नावं बनवतात, आकडे गोल ठेवतात, निवेदकाला सर्वज्ञ करतात आणि शेवटी ‘हे सगळं खोटं होतं’ असं सांगूनही टाकतात. मग वाचकाला करायला काही उरत नाही.

कादंबरीचं कथानक परीक्षणाच्या ओघात येतं. मुंबईतला एक कायद्याचा विद्यार्थी, इस्लामवरची श्रद्धा उडालेला, मोहरमच्या दहाव्या रात्री हिंदू-मुस्लीम दंगलीत सापडतो. त्याच्या हातून एक हिंदू मारला जातो, किंवा आपण मारला असं त्याला वाटतं. तो पळतो. पळताना दोन लोहमार्ग ओलांडतो, की एकच लोहमार्ग दोनदा, हे निवेदकाने जाणून मोघम ठेवलं आहे. मुंबईच्या वाचकाला इथे थांबायला हवं, कारण या शहरात जीआयपी (आजची मध्य रेल्वे) आणि बीबीसीआय (आजची पश्चिम रेल्वे) असे दोन वेगवेगळे लोहमार्ग खरोखरच जवळजवळ समांतर धावत होते. पुढे तो एका बागेची भिंत चढतो. आत एक गोल बुरूज आहे आणि तिथे प्रेतांचे सोन्याचे दात चोरणारा एक माणूस आहे. प्रेतं पारशांची. पारशांच्या अंत्यविधीच्या जागेचं, म्हणजे डुंगरवाडीचं नाव कुठेही येत नाही, तरी तो बुरूज म्हणजे प्रेतं उघड्यावर ठेवायचा दखमा आहे हे आपल्याला सांगावं लागत नाही. अर्जेंटिनातल्या वाचकासाठी हा सगळा दूरदेशीचा अद्भुत मामला असणार. मुंबईकराला मात्र हा पत्ता ओळखीचा आहे, आणि म्हणूनच पडताळणीचा पहिला हक्क त्याचा.

ही पडताळणी १९३६ साली मुंबईत कशी करता आली असती? ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७च्या पंचविसाव्या कायद्याने छापखाने आणि पुस्तकं यांची नोंद सक्तीची केली होती. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण असायला हवं; प्रती सरकारकडे जमा व्हायला हव्यात; आणि दर तिमाहीला प्रांताच्या राजपत्रात पुस्तकांची यादी प्रसिद्ध व्हायला हवी. त्या यादीत पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, मुद्रक आणि प्रकाशक, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्तीचा क्रमांक, छापलेल्या प्रतींची संख्या आणि किंमत असे रकाने असत. म्हणजे १९३२च्या शेवटच्या तिमाहीची आणि १९३३च्या चारही तिमाह्यांची यादी उघडली की काम झालं. चार छपाया झालेलं इंग्रजी पुस्तक त्यात कुठेच नसणं शक्य नाही. एखादी छपाई नोंदीतून निसटेल. चारही निसटणार नाहीत. चार हजार प्रतींचा आकडा बोर्हेसने रुबाबासाठी घातला असेल, पण सगळ्यात सहज उघडं पडतं ते तिथेच. साध्या ‘एक आवृत्ती, तीनशे प्रती’ला हुडकून काढणं कितीतरी अवघड गेलं असतं.

पुढची पायरी नियतकालिकांची. परीक्षण सांगतं की मुंबई-कलकत्त्याच्या पत्रांनी कादंबरीची तोंड भरून स्तुती केली. त्यांत ‘बॉम्बे गॅझेट’ आहे. हे पत्र खरंच होतं, अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचं जुनं आणि वजनदार. पण ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बंद पडलं. १९३२च्या पुस्तकाची स्तुती ते करणार कसं? ‘कलकत्ता रिव्ह्यू’ मात्र त्या वेळी चालू होता. म्हणजे एकाच वाक्यात, एकाच ओळीत, एक जिवंत आणि एक मेलेलं पत्र शेजारी बसलं आहे. बोर्हेसने हे जाणून केलं की जुन्या विश्वकोशातून नावं उचलताना सहज घडलं, याने वाचकाच्या कामात फरक पडत नाही.

माझ्या मते या कथेतलं सगळ्यात मोलाचं शिक्षण इथे आहे. आपण गोष्टींचे दोनच ढीग करतो, खरं आणि खोटं. अशी कथा वाचताना तिसरा ढीग करावा लागतो: खरं, पण चुकीच्या जागी ठेवलेलं. आणि आज आपल्या फोनवर येणाऱ्या खोट्या मजकुरापैकी बराचसा नेमका याच ढिगातला असतो. पुराचा फोटो खरा असतो, पण सहा वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या जिल्ह्यातला. भाषणाची चित्रफीत खरी असते, मधली दोन वाक्यं कापलेली. कविता खरी असते, नाव कुसुमाग्रजांचं किंवा पुलंचं चिकटवलेलं. ‘हे खरं आहे का’ एवढंच विचारणारा माणूस इथे हरतो, कारण उत्तर अर्धं ‘हो’ येतं. ‘हे केव्हाचं, कुठलं, आणि इथे कसं आलं’ असं विचारणारा तरून जातो. ही सवय उपदेशाने लागत नाही, खेळताना लागते. ‘बॉम्बे गॅझेट’ कधी बंद पडलं हे ज्याने एकदा स्वतः शोधून काढलं, त्याचा हात पुढच्या वेळी आपोआप तारखेकडे जातो.

बोर्हेसचीच १९४० सालची ‘त्लोन, उकबार, ऑर्बिस टर्टियस’ ही कथा हेच काम अधिक पद्धतशीरपणे करते, म्हणून तिच्यावर थोडा जास्त वेळ घालवतो. तिच्यात एका विश्वकोशाच्या सेहेचाळिसाव्या खंडाच्या एका प्रतीत ९१७ऐवजी ९२१ पृष्ठं सापडतात आणि जास्तीच्या चार पृष्ठांवर ‘उकबार’ नावाच्या, नकाशात नसलेल्या देशाची माहिती असते. बोर्हेसचा मित्र बियॉय कासारेस आणि इतर खरे लेखक स्वतःच्या नावानिशी कथेत वावरतात. जास्तीची पृष्ठं चारच का? पुस्तकबांधणीचं काम जाणणाऱ्याला हा आकडा लगेच पटतो. कागद एकदा दुमडला की दोन पानं आणि चार पृष्ठं होतात. तेवढाच एक कागद खंडाच्या शेवटी शिवणं किंवा चिकटवणं कुठल्याही बाइंडरला जमतं. तीन किंवा पाच पृष्ठं म्हटली असती तर बाइंडर हसला असता. शिवाय खंडाच्या कण्यावर अक्षरांची मर्यादा ‘टॉर’ ते ‘अप्स’ (Tor–Ups) अशी आहे, आणि ‘उकबार’ (Uqbar) हा शब्द रोमन वर्णक्रमात ‘अप्स’च्या पुढे येतो. म्हणजे लेख त्या खंडात बसतच नाही. हे कथा स्वतःच वाचकाच्या नजरेला आणून देते.

सगळ्यात मोठी किल्ली अखेरीस आहे. मे १९४०मध्ये ‘सुर’ या मासिकात छापलेल्या या कथेला ताजा कलम जोडलेला आहे आणि त्यावर साल आहे १९४७. मासिक हातात घेतलेल्या वाचकासमोर सात वर्षं पुढची तारीख. याहून स्पष्ट इशारा कोणता हवा? पण पुढे कथा पुस्तकात आली, १९४७ उलटून गेलं, आणि तो इशारा विझला. आज वाचणाऱ्याला ती जुन्या लेखाला नंतर जोडलेली पुरवणी वाटते. म्हणून या कथेच्या कुठल्याही मराठी भाषांतराखाली प्रथम प्रसिद्धीचा महिना आणि साल छापणं अत्यावश्यक आहे. ‘काल्पनिक’ हा शिक्का नको. मे १९४० एवढं पुरे.

यावरून कथा आणि लबाडी यांतला फरक मला असा दिसतो. कथा आपली किल्ली आपल्याच अंगावर बाळगते. चिकाटीने शोधणाऱ्याला ती सापडते. लबाडी किल्ली लपवते आणि शोधणाऱ्याला घाई करायला लावते: आत्ताच पाठवा, आत्ताच पैसे भरा, आत्ताच जमा व्हा. १८३५ साली न्यूयॉर्कच्या ‘द सन’ने चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसल्याची लेखमाला जॉन हर्शेल या खऱ्या खगोलशास्त्रज्ञाच्या नावावर चालवली. ती रंजक होती, पण बातम्यांसाठी पैसे देणाऱ्या वाचकाला बातमी म्हणूनच विकली गेली. तिला मी या कथांच्या पंगतीत बसवणार नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळू नये. बोर्हेसचं परीक्षणही १९३६ साली निबंधांच्याच पुस्तकात आलं होतं, म्हणजे वाचकाशी झालेला करार त्यानेही वाकवला. मी तरीही त्याच्या बाजूने उभा राहतो, दोन कारणांनी. पुस्तक त्याचं स्वतःचं होतं, नावानिशी, त्यामुळे विचारायला जायचं ठिकाण वाचकाला माहीत होतं. आणि वाचकाचं फार तर एका पत्राचं टपाल वाया जाणार होतं. खरा प्रकाशक आणि खरी लेखिका यांची नावं त्यांना न विचारता वापरणं मात्र मला खटकतं. त्यांच्या तोंडी निंदा घातली नाही, एवढंच काय ते. आज कोणी मराठीत असं लिहिलं तर हयात माणसांची नावं त्यांच्या परवानगीशिवाय घालू नयेत, असंच मी सांगेन. दिवंगत लेखक, बंद पडलेले छापखाने, जुने कोश यांच्यावर काम भागतं. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड आपल्याकडे आहेतच. त्यांत एक दुमडलेला कागद घालणारी कथा कोणीतरी लिहायला हवी.

दंगलीचं काय? १९३२च्या मे महिन्यात, मोहरमच्याच काळात, मुंबईत खरोखरच भीषण हिंदू-मुस्लीम दंगल झाली होती, आणि कथेतली कादंबरी त्याच वर्षाच्या अखेरची. आजच्या वातावरणात कोणी म्हणेल की असला मजकूर पट्टीविना सोडणं धोक्याचं आहे. मजकूर नीट पाहिला तर दिसतं की अफवेला जे लागतं ते त्यात एकही नाही. अफवेला गल्लीचं नाव लागतं, मेलेल्याचं नाव लागतं, मारणाऱ्याची ओळख लागते, आणि ऐकणाऱ्याने काय करायचं ते लागतं. इथे विद्यार्थ्याला नावच नाही, मेलेल्यालाही नाही, खून झाला की नाही हेही अनिश्चित, आणि पुढची सगळी कादंबरी त्या विद्यार्थ्याच्या शोधयात्रेची: एका नीच माणसात क्षणभर दिसलेली कोवळीक कुणाकडून आली असेल, म्हणजे तो अल-मुतासिम कोण, हे शोधत तो बनारस, कलकत्ता, मद्रास, त्रावणकोर हिंडून पुन्हा मुंबईत येतो. नेमकं नाव आणि नेमकी जागा यांवर दंगल पेटते. त्यामुळे माझी सीमारेषा इथे आहे: औषधोपचार, कायदेशीर सूचना, आणि ताज्या हिंसेचा नावनिशीवार तपशील, या तीन बाबतींत खऱ्याचा वेश नको. तिथे पडताळायला वाचकाला वेळच मिळत नाही.

खरं नुकसान होतं ते मजकूर आपल्या जागेवरून कापला गेला की. १९४२ साली बोर्हेसने जॉन विल्किन्स या सतराव्या शतकातल्या इंग्रज विद्वानाच्या कृत्रिम भाषेवर निबंध लिहिला. विल्किन्स खरा, त्याचा १६६८चा ग्रंथ खरा. त्याच निबंधात एका चिनी विश्वकोशातलं प्राण्यांचं चौदा प्रकारांचं वर्गीकरण येतं: सम्राटाच्या मालकीचे, मसाला भरून टिकवलेले, नुकतंच भांडं फोडलेले, लांबून घरमाश्यांसारखे दिसणारे, वगैरे. हवाला फ्रांझ कून या खऱ्या जर्मन भाषांतरकाराचा. असा कोश कुणाला सापडलेला नाही. फ्रेंच विचारवंत मिशेल फुकोने १९६६च्या आपल्या ग्रंथाची सुरुवात या उताऱ्याने केली, पण आपण तो बोर्हेसकडून घेतला हे स्वच्छ सांगून. त्यानंतर उतारा हातोहात फिरला, मधली नावं गळाली, आणि ‘चिनी लोक प्राण्यांचं असं वर्गीकरण करत’ असा पुरावा बनून तो उभा राहिला. एका खेळकर ओळीतून एका संस्कृतीविषयीचा गैरसमज तयार झाला. यात दोष उतारा रचणाऱ्याचा कमी आणि संदर्भ न देता कापणाऱ्याचा जास्त. लेखकाने पट्टी लावली असती तरी कापणाऱ्याने तीही कापलीच असती.

मागच्या काही वर्षांत हा प्रश्न आणखी टोकदार झाला आहे. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने बनवलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखले म्हणून सादर केले आणि न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. बाह्य रूप मीर बहादूर अलीच्या कादंबरीसारखंच: खरी न्यायालयं, पटण्यासारखी नावं, व्यवस्थित क्रमांक. पण त्या मजकुरात किल्ली नव्हती, कारण तो रचणाऱ्या यंत्राला आपण काही रचतोय याचीच जाण नव्हती. ज्याने विद्यार्थी असताना एखादा खोटा हवाला मुळापर्यंत नेऊन पाहिला आहे, तो वकील निवाडा उघडून पाहिल्याशिवाय सही करणार नाही असं मला वाटतं.

म्हणून वर्गात हे कसं करावं तेही सांगतो. बी.ए.च्या मराठीच्या वर्गाला दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत कथा वाचायला द्यावी, लेखकाचं नाव द्यावं, पण ती कथा आहे हे सांगू नये. मजकुरातली पंधरा-वीस विशेषनामं विद्यार्थ्यांनी उतरवून घ्यावीत आणि चार-चारच्या गटांत वाटून घ्यावीत. प्रत्येक नावापुढे तीन रकाने: खरं, खोटं, खरं पण चुकीच्या जागी. चौथा रकाना कुठे पाहिलं याचा, आणि गुण त्या चौथ्या रकान्याला. एका जागी दुसऱ्या कुणी लिहिलंय म्हणून खरं धरलं, तर गुण नाहीत. मधल्या आठवड्यात ग्रंथालयात जावं. मुंबईतल्यांना एशियाटिक सोसायटी आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय जवळ आहेत, इतरांना विश्वकोशाचे खंड आणि मोठ्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूची पुरतात. दुसऱ्या तासिकेत तक्ते फळ्यावर जुळवावेत आणि मगच कथेचा अर्थ, शोधाच्या शेवटी विद्यार्थ्यासमोर येणारा पडदा, पडद्यामागचा आवाज यांविषयी बोलावं. उलटा क्रम घेतला तर पडताळणी कंटाळवाणी होते आणि मुलं इंटरनेटवरचा सारांश उतरवून मोकळी होतात. शिक्षकाने ऐन मध्यावर ‘अरे, हे सगळं खोटं आहे’ असं सांगून टाकलं, तर दोन्ही तासिका वाया.

संपादकांनी एवढं करावं. अंकाच्या अनुक्रमणिकेत मजकूर ‘कथा’ या विभागात टाकावा. पानावर वेगळा शिक्का नको. उतारा समाजमाध्यमांवर टाकताना चित्रातच लेखकाचं आणि कथेचं नाव घ्यावं, खालच्या ओळीत नव्हे, कारण खालची ओळ पुढे जात नाही. भाषांतरकाराने मूळ कथेतली तारखांची आणि नावांची विसंगती ‘दुरुस्त’ करू नये, आणि ‘हे पत्र तेव्हा बंद झालं होतं’ अशी तळटीप त्याच पानावर देऊ नये. असं टिपण द्यायचंच असेल तर कथा संपल्यावर, पान उलटून, वेगळ्या पृष्ठावर द्यावं.